तुम्ही विचारलंत म्हणून: वही कोरी का?

‘‘बाई, शाळा लागून दोन महिने झाले आणि वही कोरीच. दिवसभर करता काय तुम्ही?’’ पहिलीच्या पालकसभेत दर ऑगस्टात हा प्रश्न येतो. यंदा तो एका आजोबांनी विचारला. घंटा झाली, उत्तर अर्धंच राहिलं. ते इथं पूर्ण करते.

आजोबा, जून-जुलै आमचा चिंचोक्यांत जातो. चिमटीनं एकेक उचलायचा आणि दुसऱ्या वाटीत टाकायचा. शिवाय चिखलाच्या गोळ्या, मण्यांच्या माळा. पेन्सिल मुठीत आवळून धरणाऱ्या पोराला अक्षर गिरवायला बसवलं की आधी कागद फाटतो, मग त्याचा चेहरा पडतो. पूर्वी धुळाक्षरं काढायला लावत ते काही वेडे नव्हते.

अक्षरंही आम्ही ‘क ख ग घ ङ’ अशी ओळीनं घेत नाही. ती ओळ उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे, व्याकरणाला सुंदरच. पण तेवढ्यातून मुलाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द जुळत नाही. घ, र, न, ळ घेतले की पहिल्याच आठवड्यात ‘घर’ आणि ‘नळ’ वाचता येतात.

खरा घोळ आकड्यांत आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो, लिहिताना पाच आधी. मूल ऐकलं तसं लिहितं: 35. त्याला आपण चूक म्हणतो! एकोणपन्नास तर त्याहून लबाड. बसतो चाळीसच्या घरात आणि नाव सांगतो पन्नासचं. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढी थट्टा झाली. त्रेपन्न जाऊ नये असं मलाही वाटतं. पण थट्टा करणाऱ्यांनी एक दिवस माझ्या वर्गात बसावं. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधतो. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात आल्या की नाव कुठूनही सुरू होवो, पोरगं अडत नाही. तिथवर पोचायला मात्र कितीतरी तास लागतात, आणि त्यातला एकही वहीत दिसत नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पानं वापरली. मुलं गुरांमागं जातात म्हटल्यावर कुरणातच शाळा भरवली. आमच्या शाळेत निदान छप्पर आहे (पावसाळ्यात दोन ठिकाणी गळतं, ते सोडा).

दुपारी खिचडीच्या वेळी ताटं मी मोजत नाही, मुलं मोजतात. ‘‘आज एकोणीस, दोन जण आले नाहीत,’’ हे वाक्य तुमच्या नातीचं आहे, गेल्या मंगळवारचं. तेही वहीत नाही.

वही दिवाळीनंतर बघा. तोवर तिला घरी शेंगा सोलायला द्या, आणि दाण्यांचे दहा-दहाचे ढीग करून मागा. मधे चार-दोन खाल्ले जातील. तेवढे वजा करायला सांगा.