रोज चालतो, मग गटात व्यायाम कशाला?

साठी-सत्तरीतली मंडळी हमखास विचारतात, "अर्धा तास चालतो की रोज! मग मैदानावर सगळ्यांसोबत उठाबशा कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

चालणं उत्तमच, ते सोडू नका. पण नुसत्या चालण्याने तोल फारसा सुधारत नाही, मांड्यांची ताकदही म्हणावी तशी वाढत नाही. आणि उतारवयात माणूस पडतो तो बरेचदा यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ६५च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, शिवाय तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितलेत. एकटा माणूस नेमके हेच टाळतो. कंटाळा येतो, पडायची धास्तीही असते. शेजारी कुणी उभं असलं की धीर येतो.

तोलासाठी बाकाची पाठ धरा. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, एका रेषेत, १० सेकंद उभं राहा. मग पाय बदला. जमलं की एकच हात, पुढे नुसती दोन बोटं. डोळे मिटून करायची घाई नको.

ताकदीसाठी बाकावरून हात न टेकता उठा-बसा, ८ ते १० वेळा. दम घेऊन आणखी एक फेरी. बाक खोल असेल तर काठावर सरका, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. चूक होते ती बसताना: शेवटच्या वितीत लोक धपकन अंग टाकतात. खरी मेहनत त्या उतरण्यातच आहे, तीन आकडे मोजत खाली या. उठताना श्वास सोडा. रोखून धरलात तर रक्तदाब एकदम चढतो.

उघड्यावरची जमीन घरातल्या फरशीसारखी सपाट नसते, त्यामुळे घोटे आपसूक कामाला लागतात. ओलं गवत मात्र टाळा.

गटाची खोड एकच, वेग ठरवतो तो सगळ्यांत दणकट माणूस! बाकीचे ईर्षेने ओढले जातात. बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, इतपतच दम लागू द्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही परीक्षा भरवशाची.

संपवताना झटकन थांबू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते, म्हणून शेवटची पाच-दहा मिनिटं सावकाश चाला. वयानुसार तहान कमी जाणवते. पाणी घोट घोट, ठरवून प्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि ती कुठल्या खिशात आहे हे शेजाऱ्याला सांगून ठेवावं. छातीत दुखलं किंवा दाटल्यासारखं झालं तर जागीच थांबा, लगेच सांगा आणि घाईने वैद्यकीय मदत बोलवा. "एक फेरी मारून बघतो" हा शहाणपणा तिथे नको.