आमच्या गेटवरचा सेन्सर

चेंबूरवाल्यांना धुराचं कौतुक नाही. एका अंगाला रिफायनऱ्या, दुसऱ्या अंगाला देवनारचं डम्पिंग, जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हाचा धूर तर नासाच्या सॅटेलाइट फोटोतपण दिसला होता. पण आताचा त्रास पार खिडकीखालचा आहे, गल्लीतल्या जुन्या बिल्डिंगी एकामागून एक रिडेव्हलपमेंटला गेल्यात आणि सकाळी पुसलेलं गॅलरीतलं स्टूल दुपारपर्यंत पांढरं.

सोसायटीच्या ग्रुपवर रोजची भांडणं. एकजण हवा किती खराब ते सांगणाऱ्या सरकारी समीर ॲपचा स्क्रीनशॉट टाकणार, "बघा मॉडरेट आहे, उगाच घाबरवू नका", की लगेच दुसरी विचारणार, मग माझ्या पोराला नेब्युलायझर का लागतो? खरं तर दोघांचंही बरोबर आहे. ॲपवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, ही मागच्या चोवीस तासांची सरासरी, तीही जिथे स्टेशन आहे तिथली, आमच्या गेटवर रात्री बारानंतर काय चालतं ते त्यात कुठून दिसणार?

म्हणून वर्गणी काढून हवेतले बारीक कण मोजणारा एक स्वस्तातला सेन्सर घेतला. आत इवलासा पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेझर पडतो आणि कणांवरून प्रकाश किती विखुरला त्यावरून आकडा येतो. गच्चीवर लावा म्हणत होते काहीजण, पण तिथे कोण राहतं? लावला वॉचमनच्या केबिनला, काका बारा बारा तास तिथेच असतात. हवा दमट असली की कण फुगतात आणि हे यंत्र आकडा वाढवून सांगतं, पावसाळ्यात तर बघूच नये. त्यामुळे आम्ही आकड्यावर वाद घालत नाही, वेळ बघतो.

आणि वेळेनेच सगळं बाहेर काढलं. ग्राफला दोन उंचवटे, एक मध्यरात्रीनंतर डंपर सुरू झाले की, दुसरा सकाळी सहा-साडेसहाला. हा दुसरा म्हणजे कोपऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा आणि काकांची शेकोटी! पाला पेटवणं नुसत्या बोलण्याने थांबलं, शेकोटीसाठी मात्र आधी काकांना जाड जॅकेट घेऊन दिलं, नुसतं "करू नका" म्हणायला आपलं काय जातं.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, नाकाघशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. म्हणून नुसता दमा नाही, हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचा धोकाही वाढतो. आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) म्हणते १५. म्हणजे ॲपवर हिरवं दिसलं तरी हुरळून जायचं काम नाही.

बिल्डरच्या साइट इंजिनीअरने पहिल्याच भेटीत ऐकवलं, "मॅडम, तुमचं मशीन सर्टिफाइड नाही." नाहीच आहे. पण उंचवट्याच्या वेळा आणि आमच्या सीसीटीव्हीतल्या डंपरच्या वेळा शेजारी ठेवल्यावर गप्प बसला. महापालिकेचे ऑक्टोबर २०२३ चे नियम आहेत, उंच पत्रे, हिरवं कापड, पाणी मारणं, गाड्या झाकणं, सगळं लिहिलेलं आहे. आता पाणी मारतात, पण दुपारी, लोक बघत असतात तेव्हा! रात्रीचे डंपर उघडेच.

वॉर्ड ऑफिसला ग्राफ आणि क्लिप दोन्ही जोडून तक्रार दिलीय. दुसरा सेन्सर स्कूलबस थांबते तिथे लावायचाय, दुकानदार प्लग द्यायला तयार आहे, वायफायचं तेवढं अजून जमत नाहीये.