भिंतीवरच्या खडूच्या खुणा

आमच्या जिमखान्याच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी खडूच्या खुणा उमटतात. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कॉलेज, उडी मोजायचं यंत्र कुठून आणणार? मुलगी बोटांना खडू लावून भिंतीला खेटून उभी राहते, हात वर करून एक खूण करते, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. मधलं अंतर टेपनं मोजायचं. खो-खोच्या मुलींची ही उडी, 30 मीटर धाव आणि दम तपासायला 20 मीटरची शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा ये-जा करायची धाव, मी वर्षातून चारदा घेते: जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल.

आकड्यांची चाल आता पाठ झाली आहे. जुलैत मुली सुट्टीवरून जड होऊन येतात, ऑक्टोबरात सगळ्यात तयार असतात. स्पर्धा सुरू झाल्या की दम टिकतो, पण पायातला जोर थोडा उतरतो, कारण सामने आणि प्रवासात ताकदीचा व्यायाम मागे पडतो. मग थोडी विश्रांती मिळाली की उडी परत वर येते.

त्या वर्षी आमच्या सगळ्यात चपळ मुलीची उडी जुलैत 41 सेंटिमीटर होती, ऑक्टोबरात 45, जानेवारीत 40. तो 2025 चा जानेवारी. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक नुकताच झाला होता आणि मूळची आपल्या बीडचीच प्रियांका इंगळे भारताची कप्तान होती. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "ती बघ कुठं पोचली, अन् तुझ्या अंगात आळस शिरलाय." ती मान खाली घालून उभी राहिली. ते बोलणं मला आजही टोचतं.

एप्रिलात बाकीच्यांच्या खुणा वर सरकल्या. हिची 36 वर आली. तीनदा उडी मारायला लावली, तिन्ही वेळा तेच. टेप गुंडाळताना तिच्या हातांकडे लक्ष गेलं. तिनं खडू ओढणीला पुसला होता, तरी नखं पांढरीच होती.

तिला साहित्याच्या खोलीत नेलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि रात्री?"

"उरलं तर खाते, मॅडम."

दसऱ्यानंतर आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर गेले, ते आत्ता कुठं परतले होते. घरी आजी आणि दोन धाकटे भाऊ. पहाटे उठून पाणी, भाकरी, सगळ्यांचं करून मग ग्राउंड.

"पाळी वेळेवर येते का गं?"

"दिवाळीपासून आलीच नाही. बरंच झालं की मॅडम, सामन्यात अडचण नाही."

हे तिनं इतकं सहज सांगितलं की मला क्षणभर काही बोलताच येईना. पाच-सहा महिने मी तिच्याशी रोज बोलत होते आणि हेच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आणि तिच्या आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन 8.6 निघालं, बाईमाणसाचं 12 च्या खाली नसावं. डॉक्टरबाईंनी बाकीच्या तपासण्या केल्या आणि समजावलं: मेहनतीच्या मानानं खाणं पुरत नसलं की शरीर आधी पाळी थांबवतं, आणि हे लांबलं तर हाडंही ठिसूळ होतात. आईनं पदर डोळ्यांना लावला. "तिला म्हणलं होतं, खात जा म्हणून," एवढंच बोलली.

कडक सराव सहा आठवडे बंद केला. लोहाच्या गोळ्या, जेवणाला लागून चहा नाही, उसळीवर लिंबू. आजही ग्राउंडवर मुलींसाठी भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ असतो, आणि तो खाऊन झाल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. माझ्या वहीत उडीच्या रकान्याशेजारी पाळीच्या तारखेचा रकाना आला. तो मुली स्वतः भरतात. सुरुवातीला वही झाकून भरायच्या.

जुलैत तिची उडी 39 भरली. श्रावणात एका सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली, माझ्या हातातून वही घेतली, तारीख लिहिली आणि म्हणाली, "मॅडम, आली." मग खडू उचलून भिंतीकडे गेली.