पंक्चरचा हुंकार

परीक्षणं प्रसिद्ध होण्याआधी ती तपासून, छाटून ओळीवर आणणं हे माझं काम. त्या दिवशी आलेलं परीक्षण सायकल-दुरुस्तीच्या एका सचित्र मार्गदर्शिकेचं होतं. लांबी साधारण 900 शब्द. पहिला परिच्छेद मानवी जाणिवेच्या बहुपेडी अवकाशावर, दुसरा आधुनिकतेच्या अरिष्टावर. सायकल अवतरली ती थेट तिसऱ्यात, आणि ती अशी:

"पंक्चर ही केवळ रबरातली भेग नसून उत्तर-आधुनिक माणसाच्या आतून निसटत जाणाऱ्या अर्थाचा हुंकार आहे."

ऑफिसात वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं आणि अर्धा तास कामाला खीळ बसली. यात हसू नेमकं कुठे येतं? 'निसटत जाणाऱ्या अर्था'पर्यंत रूपक धड चाललेलं आहे. हवा निसटते, अर्थही निसटतो. घात 'हुंकारा'नं केला. हुंकाराला छाती लागते, घसा लागतो. ट्यूबमधून येतो तो फुस्स आवाज. वाचकाच्या कानात 'फुस्स' आधी वाजतं, आणि मग सगळं वाक्यच तसं बसतं.

पुढे ट्यूबला सोल्युशन लावून थांबण्याला 'काळाच्या निलंबनाचा विधी' म्हटलं होतं. थांबायचं ते द्रावक उडून जाण्यासाठी. सोल्युशन ओलं असताना पॅच दाबला तर तो सरकतो, धड चिकटत नाही. पुस्तक हे कारण सांगतं की नाही, याचा परीक्षणात पत्ता नव्हता.

पाण्यात बुडवलेल्या ट्यूबच्या चित्राला 'जादुई वास्तववाद' हे लेबल होतं. गंमत म्हणजे आज कथा-कादंबऱ्यांच्या संदर्भात रुळलेली ही संज्ञा जर्मन कलासमीक्षक फ्रांत्स रो यांनी 1925 मध्ये चित्रकलेसाठीच वापरली होती. म्हणजे समीक्षक चुकून खऱ्याच्या जवळ पोचला होता, पण बुडबुडे जिथून येतात तिथे खूण करायची असते, तेवढं लिहायचं सोडून.

अशा मजकुरावर माझी पहिली चाचणी ठरलेली आहे. पुस्तकाचं नाव झाकायचं, तिथे दुसरंच काहीतरी ठेवायचं, समजा कर-विवरणपत्र कसं भरावं, आणि वाक्य पुन्हा वाचायचं. तरीही ते जसंच्या तसं लागू पडलं तर कापायचं. पहिले दोन परिच्छेद इथेच गेले. मग '-ता' आणि '-त्व' अशा शेपटीची नामं मोजायची. एका वाक्यात तीनहून जास्त असली तर त्या वाक्यात कर्ता शोधायचा. बहुधा सापडत नाही.

असं लिहायला मुद्दाम बसावं लागत नाही, हेही खरं. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डेनिस डटन यांनी 1995 ते 1998 दरम्यान वाईट विद्वत्लेखनाची स्पर्धा चालवली, तेव्हा मुद्दाम केलेलं विडंबन नियमातच बाद होतं. ज्या क्षेत्रात नकळत इतकं होतं तिथे त्याची गरजच काय, हे त्यांचं कारण.

पण खरी मौज पान 43 ची. मागचं चाक काढायच्या चित्रात चेन डाव्या बाजूला आहे, याला परीक्षणात 'दिशांच्या श्रेणीबद्धतेचा उच्छेद' म्हणून गौरवलं होतं. मी पुस्तक उघडलं. चित्र चक्क उलटं छापलेलं. चेन उजवीकडे असते, आणि चित्र आरशातल्यासारखं उलटलं की पाना फिरवायचा बाणही उलटतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पण चाकाच्या नटांचे दोन्ही बाजूंना सरळच. बाणाप्रमाणे फिरवलं तर नट सैल व्हायचा सोडून आणखी आवळला जाणार, आणि जोर लावत राहिलं तर आटे खराब.

समीक्षकाला फोन केला. "चित्र उलटं छापलंय हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"आलं की. पण तसंच लिहिलं असतं तर ते परीक्षण कसलं? तक्रार झाली असती."

एवढी बारीक नजर असलेला माणूस! मग तेच वर घेतलं: पान 43, उलटी चेन, उलटा बाण, नट कुठल्या दिशेनं सोडवायचा. 900 चे 200 शब्द उरले. पुस्तकाला दिलेले तारे पाचच होते. एखादा कमी करू का, विचारलं.

"छे, त्या चित्रासाठीच तर पाच दिलेत."