मुळ्यांत एवढं काय बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमळनेरच्या बाजूला कुणाच्या शिवारात कुदळ घेऊन बसलो की बांधावरून हाक येतेच, ‘मुळ्यासमा काय देखी राह्यनात भाऊ? पीक तं वर शे!’

मी मुळीपेक्षा तिला चिकटलेली माती बघतो. झाड उपटायचं नाही, कडेने खणून ढेकळासकट काढायचं. आपल्या काळ्या जमिनीत ओढलं की बारीक मुळ्या तुटून आतच राहतात, आणि कामाच्या त्याच. हलकेच झटकूनही जी माती सुटत नाही, ती माझी. झाड मुळांवाटे साखर, आम्लं सोडतं, म्हणून त्या पातळ थरात जिवाणूंची गर्दी असते. लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये त्याला ‘रायझोस्फिअर’ म्हटलं.

मला खरा नाद लावला तो टारफुल्याने. ज्वारीच्या मुळांवर जगणारं हे तण. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि मूळ जवळ आलं की उगवतं. बियाला कळतं कसं? 1966 मध्ये सुगावा लागला, तोही कपाशीच्या मुळांत: स्ट्रायगॉल नावाचं द्रव्य. गंमत म्हणजे कपाशीवर टारफुला जगत नाही. उगवतो आणि उपाशी मरतो. (फेरपालटीत कपाशी घ्यायला हेही एक कारण.) मग वैऱ्याला जागं करणारी वस्तू झाड सोडतंच कशाला? हे कळायला 2005 उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवलं की ही हाक मायकोरायझा बुरशीसाठी असते. ती मुळात शिरते, बाहेर धागे पसरते आणि लांबून स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

स्फुरद कमी पडलं की झाड जास्त हाका मारतं, भरपूर मिळालं की गप्प बसतं. म्हणून डीएपीची, म्हणजे स्फुरदाच्या खताची, गोणी रिकामी करून वर मायकोरायझाचं पाकीट टाकणाऱ्यांना मी विचारतो, दोन्ही कशाला? दुकानदारांना हे रुचत नाही.

बुरशी स्वतः बघायची असेल तर बारीक मुळ्या कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) उकळा (हात सांभाळा, भाजतो), धुवा आणि शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये पुन्हा उकळा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये बुरशीची निळी झुडपं दिसतात. फक्त मोहरीची मुळं घेऊ नका, त्या कुळाशी या बुरशीचं जमत नाही. कांद्याची घ्या.