आमची वाटचाल : पासिंगपुरती सेफ्टी आणि रोजची

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, ट्रकने चाकण-भोसरीला पोचवणं हा आमचा धंदा. वडिलांनी एका जुन्या सहाचाकीवर सुरू केला, आता दहाचाकी गाड्याही आहेत.

2015 मध्ये स्पीड गव्हर्नरचा, म्हणजे गाडीचा वेग बांधणाऱ्या यंत्राचा, नियम आला, मालगाडीला ताशी 80 ची मर्यादा. ड्रायव्हर कुरकुरले, मीही खर्च मोजला. पण डिझेल आणि टायरमध्ये तो पैसा परत आला, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गव्हर्नर इंजिनचं डिझेल रोखतो, उतारावरची गाडी नाही. पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सरळ उतार. तिथे न्यूट्रल मारला की इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, आणि लायनर तापले की पाय दाबून उपयोग नसतो. ड्रायव्हर न्यूट्रल का मारतो? मालक फेरीला डिझेल बांधून देतो आणि वाचेल ते त्याचं असतं, म्हणून. आम्ही डिझेल बांधून देणं बंद केलं, भत्ता वाढवला. सेफ्टीचा हा उपाय कुठल्या नियमात नाही, आणि आमच्याकडे सगळ्यात महाग तोच पडला.

मागचा गार्ड म्हणजे कार ट्रकखाली घुसू नये म्हणून मागे खाली लावलेला आडवा लोखंडी दांडा. त्याचं गणित वेगळं. कागलजवळ टायर बसला म्हणून गाडी कडेला उभी होती, रात्री मागून कार आली. गार्ड आत वाकला, कारचं बॉनेट चेपलं, पण कार हौद्याखाली घुसली नाही. आतली माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आली. गार्ड सरळ करायचा खर्च आमच्या वहीत आहे. वाचलेले जीव कुणाच्याच वहीत नाहीत. म्हणूनच हे मालकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही, नियमच लागतो.

राग आहे तो अंमलबजावणीवर. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, आदल्या दिवशी गार्ड जोडायचा, रेडियम पट्टी चिकटवायची आणि परतल्यावर गार्ड काढून ठेवायचा, असे लोक आहेत. ते भाडं पाडून बोलतात आणि पार्टी, म्हणजे माल देणारी कंपनी, आम्हाला त्यांचा दर दाखवते. रस्त्यावर तपासणी झाली तर ती ओव्हरलोडची. वाकून गार्ड बघणारा क्वचितच भेटतो.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. डिझेल थोडं जास्त जाईल, पण चांगला ड्रायव्हर टिकवणं त्याहून अवघड झालंय, तेव्हा हा खर्च मी आनंदाने करेन. नव्या दरपत्रकात तो धरलाय. पार्टीने अजून सही केलेली नाही.