कोल्हापुरी जिभेला बँकॉकचं सोम तम

कटाची वाटी तोंडाला लावणाऱ्यानंही बँकॉकच्या चतुचक बाजारात (गर्दीचा पण खरा बाजार शनिवार-रविवारीच) पहिलं सोम तम (कच्च्या पपईची कोशिंबीर) सांगताना ‘फेत नित नॉय’ म्हणावं, म्हणजे थोडंच तिखट. आपल्या कटाचं तिखट तेलात मुरलेलं, सोबतीला पाव. इथं कच्ची इवलीशी मिरची लिंबाच्या रसात ठेचलेली, थेट जिभेवर. जळजळलं तर पाणी पिऊ नका, चिकट भाताचा घास घ्या.

गाडीवाली मावशी उखळात आधी लसूण-मिरची ठेचते. मग ताडगूळ, लिंबू, फिश सॉस, सुकी कोळंबी, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे. कच्च्या पपईचा कीस शेवटी. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात चमचा: एक हलकी ठेच, एक पलटी. जोरात कुटलं की पपई पाणी सोडते, किसाचा कुरकुरीतपणा जातो.

नवख्यानं ‘सोम तम थाय’ मागावं. ‘पू प्ला रा’वाल्यात खारवलेला कच्चा खेकडा आणि आंबवलेली मासळी असते, ते पोटाला झेपेलच असं नाही.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही, फिश सॉस राहतोच. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ, म्हणजे कडक शाकाहारी) लिहिलेली गाडी शोधा. तिथं अंडंही नाही आणि लसूण-कांदाही नाही, त्यामुळे चव आपल्याला जरा मिळमिळीत वाटते. टेबलावरची मिरचीपूड त्यासाठीच!

गोडाला आंबा आणि चिकट भात. एप्रिल-मेमध्ये गेलात तर सोडू नका. वरचं नारळाचं दूध खारट लागलं तरी बिघडलेलं नसतं, मीठ मुद्दाम घालतात.